काळ्या रेतीच्या शीटमध्ये लोखंड वाढवलं तर शोषण कमी का झालं?

मिऱ्याबंदर: नमस्कार मंडळी, रत्नागिरीत ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग) शेवटच्या वर्षाला आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीतले कण चुंबकाने वेगळे काढले, इपॉक्सीत (घट्ट होणारं रेझिन) मिसळून मायक्रोवेव्ह शोषणारी शीट केली, मागे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. लॅबमध्ये एक्स-बँडचा बेंच (मायक्रोवेव्ह मोजायची मांडणी) आहे, म्हणजे साधारण १० गिगाहर्ट्झ. नुसत्या रेतीने फारसं काही होईना म्हणून वर्कशॉपमधला ग्राइंडिंगचा लोखंडी भुगा घातला, थोडा घातला तेव्हा रिफ्लेक्शन (शीटवरून परत येणारी लाट) उतरलं, अजून घातला तर परत चढलं, पार नुसत्या पत्र्याएवढं. लोखंड तर चुंबकीय ना, मग असं का?

देवगडकर: कारण कण एकमेकांना टेकले. धातूचे कण सुटे असतात तोवर इपॉक्सी मधे राहतं आणि शीट इन्सुलेटरसारखीच वागते, फक्त परमिटिव्हिटी (इलेक्ट्रिक फील्डला मटेरियल किती प्रतिसाद देतं ते) वाढते. पण एका प्रमाणानंतर कणांची साखळी आरपार जुळते आणि शीटच कंडक्टर होते, मग लाट आत शिरायच्या आधीच परत फिरते. याला परकोलेशन म्हणतात. गोल कणांसाठी हे घनफळाच्या साधारण १६ टक्क्यांच्या आसपास धरतात (वजनाच्या नव्हे, इथे बरेच जण घसरतात), तुझा भुगा लांबट काड्यांचा असणार, तो त्याहून खूप आधी जुळतो. शिवाय १० गिगाहर्ट्झला लोखंडात लाट जेमतेम दीड मायक्रॉन किंवा त्याहून कमी शिरते, तुझ्या जाड कणाचा गाभा कामालाच येत नाही. म्हणून तर कार्बोनिल आयर्नची (शुद्ध लोखंडाची बारीक पावडर) काही मायक्रॉनची गोल पावडर वापरतात.

जांभ्याची_खाण: रेतीबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडच्या काळ्या रेतीत इल्मेनाइट (लोखंड-टायटॅनियमचं खनिज) भरपूर आणि ते खोलीच्या तापमानाला फक्त पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे जेमतेम ओढलं जाणारं), जोरदार निओडिमियम चुंबकाला चिकटलं म्हणजे मॅग्नेटाइटच (खरं चुंबकीय लोहखनिज) असं नाही. जुन्या स्पीकरच्या चुंबकाने कागदाखालून ओढ, जे कण काट्यासारखे उभे राहतात ते घे. तरी मॅग्नेटाइटची परमिएबिलिटी (मॅग्नेटिक फील्डला दिलेला प्रतिसाद, हवेत १) १० गिगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ १ वर येते, तेव्हा इथे चुंबकत्वावर फार भिस्त ठेवू नकोस. आणि रेती गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळव, मीठ आणि ओल राहिली तर तू रेतीचं नाही, खाऱ्या पाण्याचं शोषण मोजशील. इल्मेनाइटची किनारी रेती अणुखनिजांच्या यादीत येते, म्हणून कॉलेजमार्फत आधी विचारून घे.

मिऱ्याबंदर: मग जाडी किती ठेवू? आत्ता १ मिमी आहे.

देवगडकर: इथेच खरी गंमत आहे. पत्र्याला लागून इलेक्ट्रिक फील्ड शून्य असतं आणि मॅग्नेटिक फील्ड सर्वात जास्त, म्हणून खरं चुंबकीय मटेरियल असेल तर पातळ थरही शोषतो, पण तुझ्यासारखं मुख्यतः डायइलेक्ट्रिक (फक्त इलेक्ट्रिक फील्डला प्रतिसाद देणारं) असेल तर पाव तरंगलांबी लागते. हवेत ३ सेमी, परमिटिव्हिटी समजा ९ निघाली तर तिच्या वर्गमुळाने, ३ ने, भागून आत १ सेमी, त्याचा पाव म्हणजे २.५ मिमी. आधी परमिटिव्हिटी मोज, भुग्याचं प्रमाण खाली आण आणि २ ते ३ मिमीचे चार-पाच तुकडे ओतून बघ.