मदत हवी आहे : रघुराजपूरहून पट्टचित्र विकत घेण्याविषयी

नमस्कार. येत्या डिसेंबरमध्ये आम्ही उभयता पुण्याहून रेल्वेने ओडिशाला जात असून, पुरीजवळच्या रघुराजपूर या चित्रकारांच्या गावातून एखादे पट्टचित्र (कापडावर काढलेले तिथले पारंपरिक चित्र) आठवण म्हणून आणावे, असा विचार आहे. यापूर्वी एका पर्यटनस्थळी हाताने काढलेले म्हणून घेतलेले वारली चित्र घरी आल्यावर चक्क छापील निघाले, त्यामुळे या वेळी आधीच विचारून घेत आहे.

सुती कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी लावून, घोटून हा पट तयार करतात. शंखापासून पांढरा, हिंगुळापासून लाल, हरताळापासून पिवळा आणि काजळीपासून काळा रंग घेतात, एवढे वाचून ठाऊक आहे. (चिंचोक्याची खळ म्हटल्यावर आमच्या आईंना त्यांचे लहानपणच आठवले.) परंतु समोर ठेवलेले चित्र अशा पारंपरिक रंगांचे आहे की बाजारातल्या तयार रंगांचे, हे नवख्या माणसाने नेमके कशावरून ओळखावे? साधारण दीड फुटाच्या चित्राला किती किंमत रास्त समजावी? चित्रकाराच्या घरी बसून घासाघीस करणे मला प्रशस्त वाटत नाही, पण फसायचेही नाही.

दुसरे असे, की खळीमुळे ताठ झालेला हा पट गुंडाळल्यास त्याला चिरा पडतात का? शिवाय पुण्यातील पावसाळ्याच्या दमट हवेत तो टिकावा, यासाठी फ्रेम करताना काच आणि चित्र यांत अंतर ठेवावे का? पेठांमध्ये असे काम जाणणारा कारागीर कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे.