मदत हवी आहे: बागेतल्या कार्यक्रमाची अनामत कापली, साफसफाईचे पैसे तर वेगळे भरले होते

शेंगापोळी:
नमस्कार मंडळी. सोलापूरचं कुणी असेल तर उत्तमच, पण असा अनुभव इतर गावांतही आला असेल, म्हणून विचारते.

आमच्या दहावीच्या बॅचचा मेळावा जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी झाला. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत होम मैदानाच्या बाजूला जागेचं नाव काढायचं नाही, मंगल कार्यालयं लग्नांनी अडलेली. म्हणून शहरातली एक सार्वजनिक बाग घेतली. बागेचं आणि कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, परत तिथंच जायचंय मला.

आम्ही 110 जण. सकाळी 9 ते दुपारी 2. पावतीवर तीन ओळी आहेत: जागेचं भाडं 2,000, साफसफाई आकार 1,500, अनामत 5,000. बागेत आगटी पेटवू देत नाहीत, त्यामुळं हुरडा बाहेरून भाजून आणला. (डब्यातला गार हुरडा कुणाच्या वाट्याला येऊ नये. शेंगाचटणीनं लाज राखली.) पळसाच्या पत्रावळ्या, स्टीलचे पेले. प्लास्टिक काही नव्हतं. शेवटी आम्ही सात-आठ जणींनी खराटा घेऊन हिरवळीवरचं तूस न् तूस गोळा केलं. चार पोती भरली. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "ठेवा की गेटजवळ, सकाळी घंटागाडी येते." ठेवली.

रात्री कुत्र्यांनी पोती फाडली. सोमवारी सकाळी गेटपासून कारंज्यापर्यंत पत्रावळ्या. आता अनामतीतून 3,000 कापलेत. कारण एका ओळीत: "जागा अस्वच्छ आढळली." उरलेले 2,000 घ्यायचे तर व्हाउचरवर सही करा म्हणतात. मी अजून केलेली नाही.

प्रश्न एवढाच. साफसफाईचे 1,500 घेतलेत, मग साफ करायचं म्हणून परत 3,000 कशाचे?

मंडपवाला_काका:
ताई, 22 वर्षं मंडप टाकतोय. साफसफाई आकार म्हणजे नेहमीचं झाडणं-पुसणं, तो परत मिळत नसतो. अनामत असते नुकसानीसाठी: फरशी फुटली, नळ तोडला, खुंट ठोकून पाण्याचा पाइप फोडला. हे असलं मी माझ्या पोरांच्या हातून झालेलं बघितलंय आणि गपचूप भरून दिलंय. कचऱ्यासाठी अनामत कापायची असेल तर तसं अटीत लिहिलेलं पाहिजे. पावतीच्या मागं बघा, बारीक अक्षरात अटी असतात.

आणि राग मानू नका, पोती तिथं ठेवून यायची नव्हती. आम्ही शेवटच्या टेम्पोत कचरा घालूनच निघतो. वॉचमनच्या शब्दाला काय किंमत? तो दुसऱ्या दिवशी "मी नव्हतोच" म्हणतो.

सातरस्ता:
काका बरोबर बोलले. पण खरी चूक वेगळीच झालीय. निघताना बागेच्या माणसाला सगळीकडं फिरवून "जागा स्वच्छ मिळाली" एवढं पावतीच्या मागं लिहून घ्यायचं, वेळ टाकून, सही घेऊन. एकदा ताबा परत दिला की रात्री कुत्रं येवो नाहीतर डुक्कर, जबाबदारी त्यांची. तुमच्याकडं फोटो-बिटो आहेत का?

शेंगापोळी:
आहेत! निघताना ग्रुप फोटो काढलाय हिरवळीवर, वेळ 1:52. मागं पोती पण दिसतात, तोंडं सुतळीनं बांधलेली. आणि पावतीच्या मागं अट सापडली: "कार्यक्रमानंतर जागा पूर्ववत स्वच्छ करून द्यावी, अन्यथा होणारा खर्च अनामतीतून वसूल करण्यात येईल." म्हणजे गेले का पैसे?

कलम_बहाद्दर:
गेले नाहीत. अट नीट वाचा: "होणारा खर्च". दंड नव्हे, खर्च. मग खर्च किती झाला ते दाखवणं त्यांचं काम. चार पोती पत्रावळ्या परत गोळा करायला किती माणसं लागली, किती तास, वेगळी गाडी मागवली का? भारतीय करार कायदा 1872 चं कलम 74 बघा. करार मोडला तरी वाजवी भरपाईच मिळते, ठरलेला आकडा सरसकट खिशात घालता येत नाही. मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, 1969. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी, मासे पुरवायचं कंत्राट होतं. त्याच्या अनामतीवरून भांडण झालं आणि कोर्टानं सांगितलं की नुकसान मोजता येत असेल तर ते सिद्ध करा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तिथं जाऊन तोंडघशी पडाल. घनकचरा व्यवस्थापन नियमांत मोठ्या कार्यक्रमाच्या आयोजकानं कचरा वेगवेगळा करून गोळा करणाऱ्याच्या हवाली करायचा, असं आहे. गेटजवळ ठेवणं म्हणजे हवाली करणं नाही. त्यामुळं "आमची काहीच चूक नाही" असं अर्जात लिहू नका. लिहा की वाजवी खर्च द्यायला तयार आहोत, हिशेब द्या.

शेंगापोळी:
आणि व्हाउचरवर सही?

कलम_बहाद्दर:
"पूर्ण व अंतिम" असं छापलेलं असेल तर तशीच सही नको. वर हातानं लिहा: "3,000 च्या कपातीबाबत हरकत कायम ठेवून." नाही लिहू दिलं तर 2,000 तिथंच राहू द्या, आधी अर्ज द्या. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का. महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. मागायचं काय? त्या सोमवारचा पाहणी अहवाल, साफसफाईच्या खर्चाचा तपशील आणि दरपत्रक. तीनच गोष्टी. लांबण लावलं की अर्ज परत येतो.

मंडपवाला_काका:
माहिती अधिकार शेवटी काढा. आधी साहेबांना फोटो दाखवा, आवाज न चढवता. निम्म्यात मिटतं बऱ्याचदा.

शेंगापोळी:
अपडेट. आज सकाळी जाऊन आले. फोटो दाखवला. साहेबांनी दोन बोटांनी मोठा करून पोती मोजली, मग सोमवारी कोण ड्यूटीवर होतं ते विचारलं. दोन माणसं, अर्धा दिवस. हिशेब त्यांनीच कागदावर केला: 800. बाकीचे 4,200 परत द्यायला हरकत नाही म्हणाले. अर्जावर शिक्का मिळाला. काका, तुमचा आवाज न चढवायचा सल्ला कामाला आला.

आता नवीनच अडचण. पैसे खात्यावरच जमा होतात, त्यासाठी रद्द केलेला चेक लागतो आणि पावती ज्याच्या नावावर त्याचाच चालतो. पावती आमच्या बॅचच्या मॉनिटरच्या नावावर आहे. तो मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीच मस्कतला गेला, इथलं खातं त्यानं कधीच बंद केलंय. त्याचं अधिकारपत्र व्हॉट्सॲपवर मागवून त्याची छापील प्रत चालते का, की मूळ सहीच लागते? कुणी केलंय का असं?