मदत हवी आहे: ओरांडा गोल्डफिश तळाशी बसून आहे, शेपटीत लाल रेघा

नेरुळला राहतो. दोन फुटी टाकी, साधारण 50 लिटर पाणी, त्यात दोन ओरांडा. दोन वर्षांत कधी तक्रार नव्हती.

शुक्रवारी आई म्हणाली, "अरे, तुझा लाल्या दाणे टाकले तरी वर आला नाही." बघतो तर कोपऱ्यात तळाशी बसलेला, पाठीवरचा पर अंगाला चिकटवून. मध्येच वर येऊन तोंड उघडबंद करतो, परत खाली. रात्री मोबाइलच्या टॉर्चमध्ये शेपटीत बारीक लाल रेघा दिसल्या, डोळे आल्यावर पांढऱ्यात उमटतात तशा. पांढरे ठिपके नाहीत, पोट फुगलेलं नाही. दुसरा खातोय, पण सुस्त आहे.

स्टेशनजवळच्या दुकानदाराने फोटो न बघताच मेथिलिन ब्लूची बाटली दिली. अजून उघडली नाही.

आणखी एक, सांगायला लाज वाटते. त्याआधीच्या रविवारी पाहुणे येणार म्हणून टाकी अगदी लख्ख केली. सगळं पाणी काढलं, खडे उकळले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतरचं पाणी होतं, पण अँटी-क्लोरीन टाकलं होतं. तरी क्लोरीनच बाधलं असेल का? औषध टाकू का?

प्रतिसाद:
बाटली उघडू नका. क्लोरीन बाधलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं, पाच दिवस थांबलं नसतं. घोळ स्पंजात आहे. माशांपासून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तिथेच राहतात, ते तुम्ही मोरीत सोडून दिलेत. (मीही एकदा केलंय, तीन मासे गेले.) मेथिलिन ब्लूने उरलेसुरलेही मरतील, वर टाकीच्या सांध्यांचं सिलिकॉन निळं होईल ते वेगळंच.

आधी अमोनियाचं टेस्ट किट आणा. आज अर्धं पाणी बदला, अँटी-क्लोरीन घालून, तापमान टाकीइतकंच ठेवून. मग रोज तिसरा हिस्सा. दोन दिवस खाणं बंद, एअर पंप चोवीस तास चालू. खडेमीठ लिटरला 1 ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून. पुढे अमोनियापासून बनणारं नायट्राइट वाढतं, तेही विषारीच, तेव्हा हे मीठ उपयोगी पडतं. ओळखीत कुणाची जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. नाहीतर जिवाणू परत बसायला चार ते सहा आठवडे धरा. खवले उभे राहिले तर मात्र लगेच लिहा, ते प्रकरण वेगळं.

धागाकर्ता, पाचव्या दिवशी:
पहिल्या दिवशी किटमधलं पाणी पिवळं राहायचं सोडून गर्द हिरवं झालं होतं! आज पिवळसर आहे. वाशीच्या मित्राकडून मळकट स्पंज आणला, आई नाक मुरडतेय. लाल्या सकाळी वर आला, एक दाणा खाल्ला. पण शेपटीच्या कडेला काळे डाग आलेत. हे काय नवीन?

प्रतिसाद:
अमोनियाने भाजलेली जागा भरून येताना काळी पडते. घाबरू नका, पाणी बदलत राहा. आणि तो स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात.