इराणी लोक इंटरनेटवर काय बघतात? लोकप्रियतेच्या यादीवर किती विसंबायचं?

चौकस :
इराणमधल्या लोकप्रिय साइट्सची यादी कुठेही काढा, नावं तीच. खरेदीला दिजीकाला, जुन्या वस्तूंना दीवार, व्हिडिओला आपारात. त्यावरून 'इराणी माणूस देशी साइटवर खूश आहे' असं सांगितलं जातं. माझा याला ठाम विरोध आहे. २००९ च्या निवडणुकीनंतर तिथे फेसबुक, ट्विटर, यूट्यूब बंद केलं. २०१८ मध्ये टेलिग्राम, २०२२ मध्ये इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप. लोकांनी ते सोडलं नाही, फिल्टरशेकन (व्हीपीएनला तिथे हेच म्हणतात) लावून वापरत राहिले. पण व्हीपीएन लावला की तेहरानचा माणूस मोजणाऱ्याला जर्मनीचा नाहीतर नेदरलँड्सचा दिसतो. म्हणजे सरकारला नको असलेल्या भेटीच नेमक्या गळतात. ही परवानगीची यादी झाली, आवडीची कुठे?

मुळशीकर :
असहमत. दिजीकाला २००६ पासून आहे. अ‍ॅमेझॉन तिथे माल पोचवत नाही, आणि त्याला कारण अमेरिकी निर्बंध आहेत, तेहरानचा फिल्टर नाही. भाड्याचं घर शोधायला, सेकंडहँड फ्रिज बघायला, पर्सेपोलीस-एस्तेघलालच्या फुटबॉल मॅचचा स्कोअर बघायला कोण व्हीपीएन लावतं? आपण बाहेरचे लोक इराण म्हटलं की फक्त बंदी शोधतो. आठ कोटींहून जास्त लोकांचे रोजचे व्यवहार आपल्याला रटाळ वाटतात म्हणून ते खोटे ठरत नाहीत.

चौकस :
फ्रिजचं मान्य. आपारातचं काय? समोरच्या दुकानाला सील ठोकायचं, या दुकानातल्या मालावर सूट द्यायची (देशी साइट्सना डेटाचा दर कमी लागतो) आणि मग गिऱ्हाईक मोजायचं, असं आहे ते.

स्वप्नाली :
तुम्ही दोघंही 'यादी' एकच असल्यासारखं बोलताय. मोजतंय कोण, ते आधी बघा. वर्षानुवर्षं सगळे अलेक्साचा हवाला द्यायचे (साइट्सची क्रमवारी लावणारी सेवा, बोलणारा स्पीकर नव्हे; मे २०२२ मध्ये ती बंद झाली). तिचे आकडे मुख्यतः तिचा टूलबार किंवा एक्स्टेंशन बसवलेल्या लोकांकडून यायचे. साधा माणूस कशाला ते बसवेल? साइट चालवणारे आणि जाहिरातवाले बसवायचे. त्यात गंमत बघा : बंद साइट उघडायला गेलं की माणूस सरकारी पानावर ढकलला जायचा, आणि ते पेयवंदहा नावाचं संकेतस्थळ इराणच्या यादीत वर दिसायचं. तिथे कुणीही आवडीनं गेलेलं नव्हतं.

२०१२ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी इराणी वेब एकाच यादीवरून न मोजता अनेक याद्यांवरून मोजलं. अलेक्सा, गूगल, लोक मतं देऊन दुवे वर नेतात ते बालातारिन, आणि गूगल रीडर या ब्लॉग वाचायच्या तेव्हाच्या सेवेतल्या पसंतीवरून फारसी ब्लॉगची क्रमवारी लावणारं लाइकखोर. दर यादीत वेगळा इराण निघाला. बालातारिनच्या यादीतल्या कितीतरी साइट्सवर इराणमध्ये बंदी होती, तरी त्यांवर ताजं लेखन येत होतं. वाचणारं कुणी नसेल तर लिहितं कोण? माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे.

मुळशीकर :
वाचक परदेशातले इराणीही असू शकतात, तेही फारसीच वाचतात. त्यापेक्षा लोकांना सरळ विचारा. इस्पा ही पाहणी करणारी संस्था सरकारशी जोडलेल्या जिहाद-ए-दानेशगाहीची आहे, तरी तिच्या पाहण्यांत टेलिग्राम बंद झाल्यानंतरही मोठ्या संख्येने लोक 'वापरतो' असं सांगत होते. म्हणजे लोक काही तोंड शिवून बसलेले नाहीत.

चौकस :
ज्यांनी सांगितलं त्यांचं कळलं. फोनवरच्या अनोळखी आवाजाला 'नाही वापरत' म्हणून ठेवून देणारे कुठे मोजणार? डिसेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप परत खुलं केलं. ज्यांनी मग व्हीपीएन काढला ते मोजणीत जर्मनीतून इराणमध्ये आले. माणसं तीच, फोन तेच, फक्त देशाचा रकाना बदलला.

स्वप्नाली :
मुळशीकर, एकच विचारते. नोव्हेंबर २०१९ मध्ये पेट्रोलच्या दरवाढीवरून निदर्शनं झाली, तेव्हा जवळपास आठवडाभर देश बाहेरच्या इंटरनेटपासून तोडला होता आणि देशांतर्गत नेटवर्क मात्र चालू होतं. त्या आठवड्यात मोजलं असतं तर देशी साइट्सचा वाटा शंभर टक्क्यांच्या जवळ गेला असता. त्याला लोकप्रियता म्हणाल?

मुळशीकर :
नाही म्हणणार. पण त्याच आठवड्यात लोकांनी बँकेच्या साइटवरून पैसे पाठवले, बिलं भरली, तेही वगळू देणार नाही. पर्याय असताना उघडलेली साइट एका रकान्यात मांडा, पर्याय नसताना उघडलेली दुसऱ्यात. दोन्हींची बेरीज करून 'लोकप्रिय' म्हणू नका, एवढं तुमचं मान्य.