मासे विकायला डिग्री कशाला?

तुमच्या भाचीने फिशरीजच्या, म्हणजे मत्स्यशास्त्राच्या डिग्रीचं नाव काढलं आणि भाऊजी म्हणाले, 'मासे विकायला डिग्री कशाला?' ही तुमची पोस्ट वाचून हसू आलं. आमच्याकडे धाकट्या भावाच्या वेळी आत्या अगदी हेच बोलली होती, तेही बांगड्याचं तिखलं ओरपत!

रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. पदवी चार वर्षांची. त्यात कोळंबी-मत्स्यपालन, माशांचे रोग, जाळी, बोटी, प्रक्रिया असं सगळं येतं, म्हणजे नुसतं झूलॉजी नव्हे. सीईटी दिली आहे ना, ते आधी बघा.

पण ब्रोशर वाचून ठरवू नका. तिला एकदा पहाटे मिरकरवाडा बंदरावर लिलावाच्या वेळी न्या. नाकाला रुमाल लावून उभी राहिली तर विषय संपला. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, प्रश्न विचारत सुटली, तर भाऊजींना मी फोन करते.

सरकारी नोकरीच्या जागा मोजक्याच निघतात, हे मात्र तिला आत्ताच सांगा. आमचा धाकटा खासगी हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात लागला. गणपतीला सुट्टी मिळेलच असं नाही, यावरून आई अजून धुसफुसते.