प्रति: भाकरी डब्यात कडक होते
मधल्या सुट्टीपर्यंत भाकरीचं चामडं होतं, म्हणून ज्वारी डब्याला नकोच, असं वर कुणीतरी म्हटलंय. भाकरीपुरतं पटतं. ज्वारीत ग्लूटेन (गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन) नसतं, ती वाळणारच. पण मग आपल्या मराठवाड्यात धपाटे कशाला आहेत? ज्वारीच्या पिठात मूठभर बेसन, थोडी कणीक, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, तीळ, कोथिंबीर. ताकात मळायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, तव्यावर कडेनं तेल सोडायचं. दुपारीही मऊ राहतात. बेसनात मात्र काटकसर नको. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला शरीराला लागणारा एक घटक) कमी असतं, ते डाळीतून भरून निघतं.

सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी द्या, दही उन्हाळ्यात डब्यातच आंबतं. आणि धपाटे गार झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर वाफेचं पाणी सुटून खालच्याचा लगदा होतो आणि पोरगं तो तसाच घरी आणतं.