जांभई 'लागत' नाही, तो माणूस निर्दयी ठरतो का?

सदाशिवपेठी:
आमच्या गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप गटावर परवा एक मजकूर फिरत होता. समोरच्याने जांभई दिली तरी ज्याला जांभई येत नाही, त्याच्या मनात इतरांविषयी कणव नसते आणि हे म्हणे विज्ञानाने सिद्ध झाले आहे. त्याखाली लोकांनी आपापल्या मेहुण्यांची आणि साहेबांची नावे घालून यथेच्छ थट्टाही केली. थट्टेला हरकत नाही, परंतु मूळ दावाच कच्चा आहे, असे माझे मत आहे.

या मजकुराचे मूळ बहुधा अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात असावे. त्यात १३५ विद्यार्थ्यांपैकी ज्यांचा स्वभाव प्रश्नावलीनुसार भावनाशून्यतेकडे झुकणारा आढळला, त्यांना दुसऱ्याची जांभई पाहून जांभई येण्याचे प्रमाण कमी दिसले. हा केवळ एक कल आहे. त्यावरून कोणाचे निदान करता येत नाही. शिवाय आदल्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात ३२८ निरोगी व्यक्तींना जांभयांची चित्रफीत दाखवून जो अभ्यास झाला, त्यात सहानुभूतीचा ठळक संबंध आढळलाच नाही. वय वाढेल तशी जांभई कमी लागते, एवढे मात्र दिसले, आणि वयानेही व्यक्तीव्यक्तींतील फरकाचा जेमतेम ८ टक्के भाग उलगडला. गटावरील न्याय लावायचा तर घरोघरीच्या आजोबांनाच निर्दयी म्हणावे लागेल.

कोथरूडची वाचक:
आपण दावा मोडीत काढताना फारच घाई करत आहात, असे मला नम्रपणे वाटते. इटलीतील इव्हान नॉर्शा आणि एलिझाबेता पालाजी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०९ प्रौढांचे निरीक्षण प्रयोगशाळेत न करता जेवणाचे टेबल, प्रवास, कामाची जागा अशा रोजच्या वातावरणात केले होते. जांभई सर्वाधिक लागली ती रक्ताच्या नात्यातील माणसांची, त्याखालोखाल मित्रांची, मग नुसत्या ओळखीच्यांची आणि सर्वांत कमी परक्यांची. त्यातच हेही लक्षात घ्यावे की तान्हे बाळ स्वतः भरपूर जांभया देते, पण दुसऱ्याची जांभई त्याला लागत नाही. ते साधारण चार वर्षांच्या पुढे, म्हणजे इतरांचे मन ओळखण्याची समज येऊ लागते त्या सुमारास घडू लागते. या दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत.

निवृत्त मास्तर:
मूळ कारण सोडून आपण दोघे मनाच्या मागे लागला आहात. बंद सभागृहात व्याख्यान लांबले की हवा कोंदट होते, रक्तातील प्राणवायू कमी पडतो आणि मग रांगच्या रांग जांभया देऊ लागते. आम्ही वर्षानुवर्षे मुलांना हेच शिकवले.

वैद्यकाची विद्यार्थिनी:
सर, हे स्पष्टीकरण पुष्कळ पाठ्यपुस्तकांत होते, पण ते टिकलेले नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ मध्ये लोकांना शुद्ध प्राणवायू देऊन पाहिला, तसेच नेहमीच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवाही देऊन पाहिली; जांभयांच्या संख्येत फरक पडला नाही. व्यायामाने श्वासाचा वेग वाढवला, तरीही नाही. गर्भातील बाळही जांभई देते, हे सोनोग्राफीत दिसते, आणि तिथे तर फुप्फुसात हवाच नसते.

सध्या ज्यावर अधिक चर्चा होते ती कल्पना अँड्र्यू गॅलप यांची आहे. जबडा ताणला गेल्याने डोक्याकडील रक्तप्रवाह वाढतो, आत ओढलेल्या हवेने ते रक्त थंड होते आणि मेंदूचे तापमान किंचित उतरते, असे ते मांडतात. कपाळावर थंड पिशवी ठेवली की दुसऱ्याची जांभई लागण्याचे प्रमाण घटते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. ॲरिझोनातील टूसॉन शहरात हिवाळ्यात, सुमारे २२ अंशांना, जांभयांची चित्रे पाहून ४५ टक्के पादचाऱ्यांनी जांभई दिली. उन्हाळ्यात, ३७ अंशांच्या आसपास, हेच प्रमाण २४ टक्क्यांवर आले. बाहेरची हवाच शरीराइतकी तापलेली असेल तर तिने मेंदू थंड होणार कसा?

निवृत्त मास्तर:
मग मे महिन्यात पुण्यात भर दुपारी लोक का जांभया देतात, तेही सांगावे. बाकी चरकसंहितेत ज्या तेरा वेगांचा अवरोध करू नये असे सांगितले आहे, त्यांत जांभईही आहे, हे नोंदवून ठेवतो.

वैद्यकाची विद्यार्थिनी:
दुपारच्या जांभया जेवणानंतरच्या झोपेशी निगडित असतात, सर. गॅलप यांचे म्हणणे प्रमाण घटते एवढेच आहे, जांभई थांबते असे नाही. अवरोधाविषयी मात्र आपल्याशी मिळतीजुळती एक गोष्ट आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात लोकांना जांभई दाबायला सांगितले, तेव्हा जांभई देण्याची ऊर्मी उलट वाढली.

श्वानमित्र:
मी पशुवैद्य आहे. तपासणीच्या टेबलावर घेतलेला कुत्रा कान मागे पाडतो, जिभेने नाक चाटतो, नजर चुकवतो आणि मोठी जांभई देतो. मालक कौतुकाने म्हणतात, "दमलाय बिचारा." तो दमलेला नसतो, घाबरलेला असतो. बबून तर सुळे दाखवून धमकावण्यासाठी तोंड तसे उघडतात. एकाच क्रियेमागे इतकी निरनिराळी कारणे असताना तिच्यावरून स्वभाव ओळखणे मला पटत नाही. आणि जांभई बजरीगर पोपटांनाही एकमेकांची लागते. तिथे कणव शोधायची का?

कोथरूडची वाचक:
डॉक्टर, पोपटांच्या उदाहरणाने माणसाविषयीचा पुरावा रद्द होत नाही.

सदाशिवपेठी:
बाई, नात्यांच्या आकड्यांचा साधा अर्थ असाही लागतो की आपल्या माणसांच्या चेहऱ्याकडे आपण अधिक पाहतो. स्वमग्न मुलांना जांभई लागत नाही, असे आधी म्हटले गेले. पुढे त्यांना चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे पाहायला लावले तेव्हा त्यांनाही ती लागली.

कोथरूडची वाचक:
हा आक्षेप रास्त होता, म्हणूनच त्याच इटालियन गटाने २०२० मध्ये केवळ कानांवर पडलेल्या जांभया तपासल्या. चेहरा दिसतच नव्हता, तरीही मित्र आणि कुटुंबीय यांच्या जांभया परक्यांपेक्षा अधिक लागल्या. राहिला ड्यूकचा अभ्यास. त्यात चित्रफितीतील चेहरे अनोळखी होते. जिव्हाळ्याचा भागच वगळल्यावर जिव्हाळ्याचा परिणाम दिसला नाही, यात नवल ते काय?

सदाशिवपेठी:
केवळ आवाजाचा पुरावा वजनदार आहे आणि नात्याचा परिणाम मी नाकारत नाही. पण बहिणीची जांभई लागते आणि बसमधील सहप्रवाशाची लागत नाही, तेव्हा फरक पडतो तो एकाच माणसाच्या दोन नात्यांत. गटावरील मजकूर मात्र त्यावरून दोन माणसांच्या स्वभावांत फरक करतो, आणि त्याला आधार म्हणून उरतो तो बेलरचाच अभ्यास. त्यातील चित्रफितीतही अनोळखीच चेहरे होते. तेव्हा अनोळखी चेहऱ्यांमुळे ड्यूकचा निष्कर्ष बाद धरायचा असेल, तर बेलरचाही धरावा लागेल.